पांढरे ते टिल्लीचे

४ ऑक्टोबर

धाकटे,

फोनवर आपलं काही धड होत नाही. तू रडतेस, मी ओरडते, मग हे आतून ‘हळू’ म्हणतात आणि मी फोन आपटते. म्हणून लिहायला बसले. तपासायच्या वह्यांचा ढीग बाजूला सारून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी टिल्लीचं. बरी आहे. शाळेत जाते, भांडते, गणितात चुकते, म्हणजे अगदी बरी आहे. बिघडलंय ते माझंच. तीन आठवडे झाले, तरी गाडीच्या मागच्या सीटवरून ती ‘आई, माझी जीभ मोठी झाली’ म्हणाली ते कानातून जात नाही. तुझ्या घरून निघून तासही झाला नव्हता. अर्धा मफिन खाल्ला होता तिनं. ह्यांनी गाडी कशी हाणली आणि ते हॉस्पिटल कसं सापडलं, आम्हाला दोघांनाही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

बाबांना मी इकडे आणलं ते रागानं आणलं, हे कबूल. पण दुसरं काय करणार होते? तुझ्या घरात सकाळपासून ओव्हन तापलेला, चार-चार प्रकारचे घाणे, डबे, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस त्यात डबे भरायला. टिल्लीला अक्रोड चालत नाही हे त्यांना तिच्या लहानपणापासून ठाऊक आहे. तरी अक्रोडाचे मफिन तिच्या डब्यात गेलेच ना? तुला मी दोष देत नाही. तू ओव्हनपाशी होतीस, तू कुठे कुठे बघणार.

एका गोष्टीचं मात्र मला अजून कौतुक वाटतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी ‘डबा कोणी भरला?’ म्हणून किंचाळले, तेव्हा बाबांनी क्षणाचाही वेळ न लावता ‘मी’ म्हटलं. लपवलं नाही.

इथे ते नीट आहेत. पण फार गप्प. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येतात आणि पाणी हवं असेल तर तिथूनच मागतात.

ताई

१२ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आलं. टिल्ली गणितात चुकते हे वाचून इतकं बरं वाटलं की मी ते वाक्य दोनदा वाचलं.

बाबांना काही बोलू नकोस गं. तू बोलत नसशील, पण तुझं न बोलणंही मोठ्यानं ऐकू येतं, हे मी लहानपणापासून भोगलंय. माणसाच्या हातून होतं. कुणाच्याही हातून होतं.

मी अक्रोड घरातून हद्दपार केले. वाचनालयाच्या कॉफी काउंटरला सांगून टाकलं की आता माझ्याकडून केळ्याचा ब्रेड, लिंबाचे मफिन आणि स्कोन, बस्स. तिथली म्हातारी मंडळी नाराज आहेत. त्यांच्यासाठीच तर मी अक्रोड अगदी पीठ होईस्तोवर दळून घालायची, कवळीत तुकडे अडकतात म्हणून. आता त्यांनी लिंबावर समाधान मानावं.

बाबांशिवाय घर कसं आहे विचारू नकोस. सकाळी साच्यांत कागदी कप लावायचं काम त्यांचं होतं. एकही कप तिरपा नसायचा. आता मीच लावते आणि सगळे वाकडे बसतात.

एक सुचवू? रविवारी त्यांना स्कोनला बसव. बिस्किटासारखे छोटे पाव ते, सोपं आहे, भिजवा आणि भाजा, फुगायची वाट बघायला नको. मैदा, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, थोडी साखर, हे त्यांना चाळायला दे. लोणी फ्रिजमधून काढून लगेच, थंडगार असतानाच, बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं. दुधात लिंबू पिळून ते ओतायचं आणि गोळा जेमतेम एकत्र आला की हात काढून घ्यायचा. तू मळत बसशील, मला ठाऊक आहे. मळू नकोस. ग्लासनं सरळ खाली दाबून काप, पिळलंस तर एका बाजूला कलतात. बाबांना चाळणी हातात मिळाली की ते बोलायला लागतील.

फोनवर विचारलं तर मला म्हणाले, ‘इथे बरं आहे, काही करावं लागत नाही.’ हे त्यांचं बोलणं आहे का सांग.

तुझी धाकटी

३० ऑक्टोबर

धाकटे,

तुझे स्कोन केले. ह्यांचं म्हणणं, दाराला अडसर म्हणून चांगले आहेत. मळले, हो, मळले. सवय आहे हाताला.

पण बाबांचं ऐक. हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. चाळणी घेतली आणि मला विचारलं, ‘हा मैदाच आहे ना? तू स्वतः बघितलास?’ मी हो म्हटलं. मग बेकिंग पावडरचा डबा उचलला, चष्मा लावून नाव वाचलं, माझ्याकडून वाचून घेतलं, टिल्लीकडून वाचून घेतलं. मग म्हणाले, ‘ह्यात दुसरं काही पडलेलं नसेल कशावरून?’ शेवटी चाळणी हळूच खाली ठेवली. ‘तुमचं तुम्ही करा,’ म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. तिथे टिल्ली त्यांच्या मांडीवर चढायला गेली तर तिला म्हणाले, ‘आधी आईला विचार.’

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. विसरभोळेपणाची तपासणी असते ना, ती. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तर बाबा डॉक्टरांच्या आधी खाली पोचले. डॉक्टर हसले, म्हणाले वयाच्या मानानं उत्तम. मग विचारलं, घरात अलीकडे काही प्रकार घडला का? मी सांगितलं. त्यांनी हसणं थांबवलं आणि बराच वेळ लिहीत बसले. म्हणाले, असं एखादं मोठं चुकणं हीच कधी कधी सुरुवात असते, एकटं ठेवू नका.

आणि एकटं तर ठेवावंच लागतं. मी शाळेत, हे कामावर, टिल्ली दुपारी घरी येते तेव्हा फक्त बाबाच असतात. मला शाळेत धडधड होत राहते. शहराबाहेर ज्येष्ठांचं एक निवास आहे, मी बघून आले. स्वच्छ आहे. नर्स असते, बाग आहे, खोलीत खिडकी मोठी आहे. जागा एकच आहे आणि दोन्ही मुलींच्या सह्या लागतात. फॉर्म सोबत पाठवतेय. तीस नोव्हेंबरच्या आत हवा.

मला हे सुखानं सुचलेलं नाही. तेवढं तरी समजून घे.

ताई

१३ नोव्हेंबर

ताई,

फॉर्म मिळाला. रोज त्याच्या बाजूनं जाते. सही करायला बसते आणि कुणीतरी दार वाजवतं, किंवा मफिन काढायची वेळ होते, किंवा मीच काहीतरी निमित्त काढते.

निवासात त्यांना काय काम असेल? बागेत बसतील आणि काय करतील? अडतीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला माणूस आहे तो. घरातसुद्धा साखर मोजायची तर बोटानं वरून सपाट करून मोजतात.

आणि एक सांगायचं होतं. त्या दिवशी सकाळी माझीही बरीच गडबड चालली होती. वाचनालयाची ऑर्डर होती, तुमची निघायची घाई होती, कप कमी पडले होते, मध्येच फोन आला. म्हणजे नुसतं बाबांचं चुकलं असं काही म्हणता येणार नाही. स्वयंपाकघर माझं, तर जबाबदारीही माझीच म्हणायची. एवढं तू डॉक्टरांना सांगशील का? की घरात त्या दिवशी गोंधळ होता, आणि गोंधळ माझा होता.

घाई करू नकोस एवढीच विनंती.

धाकटी

१९ नोव्हेंबर

धाकटे,

पुरे झालं. ‘जबाबदारी माझीच म्हणायची’ वगैरे मोघम बोलणं माझ्या वर्गातली मुलं वही हरवली की करतात. तुझा जीव मोठा आहे, तू बाबांची लाडकी आहेस, त्यांच्या वाटचं थोडं आपल्या पानात ओढून घ्यायचंय तुला, कळतं मला. पण त्यानं त्यांची तब्येत सुधारत नाही. गोंधळ कुणाच्या घरात नसतो? गोंधळात आपण टिल्लीला अक्रोड चारत नाही.

तुला वाटतं मी त्यांना घराबाहेर काढतेय. तर ऐक, इथे रोज सकाळी काय चालतं. बाबा आपल्या चार गोळ्या टेबलावर ओळीनं मांडतात. शेजारी पाकिटं ठेवतात. मग टिल्लीला हाक मारतात. ती दात घासता घासता येते, पाकिटावरची नावं अडखळत वाचते आणि म्हणते, ‘बरोबर आहे आजोबा.’ त्यानंतर ते गोळी तोंडात टाकतात. काल तिची स्कूलबस लवकर आली, ती तशीच पळाली. मी संध्याकाळी आले तर चारही गोळ्या टेबलावर तशाच. मी विचारलं, घेतल्या का नाहीत? म्हणाले, ‘तपासायला कुणी नव्हतं.’

ज्यांनी अख्ख्या पेठेला औषधं दिली, कुणाला कधी चुकीची पुडी गेली नाही, त्यांना नऊ वर्षांची पोर तपासते. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मी रडत नाही, तुला माहीत आहे.

आणि आता तेच म्हणतात की मला निवासात ठेव, इथे पोरगी आहे. सही कर आणि पाठवून दे.

ताई

२३ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बाबा घरात असतील तर बाहेर जाऊन वाच.

त्यांचं काही चुकलेलं नाही. काहीच नाही. चूक माझी आहे आणि मला ती त्याच दिवसापासून माहीत आहे.

आमच्याकडे नियम होता. पांढऱ्या कपात साधे, तपकिरी कपात अक्रोडाचे. तुम्ही येणार असलात की बाबा आदल्या दिवसापासून म्हणत राहायचे, ‘पांढरे ते टिल्लीचे.’ मी साध्यांचा घाणा आधी काढायचे, साचे धुवायचे आणि मग अक्रोडाचे. त्या दिवशीही तसंच केलं. अक्रोडाचं मिश्रण कालवून झालं आणि साच्यात ओतताना लक्षात आलं, तपकिरी कप संपलेत. सहा कमी. मिश्रण एकदा ओलं झालं की बेकिंग पावडर कामाला लागते, ते थांबत नाही, ठेवलं तर मफिन चपटे होतात. कप आणायला खाली जाणं शक्य नव्हतं. मी सहा पांढऱ्या कपांत ओतलं. मनाशी म्हटलं, भाजून झाले की हे बाजूला काढायचे, घरात खायचे. जाळीवर अगदी कडेला ठेवले सुद्धा. तेवढ्यात वाचनालयाचा फोन आला. बोलत बोलत खिडकीशी गेले, परत आले, आणि ते सहा माझ्या डोक्यातून साफ निघून गेले.

सहा चपटे मफिन वाया गेले असते, एवढंच. तेवढ्यासाठी.

बाबांनी पांढरे कप बघितले आणि पांढरे भरले. अक्रोड दळलेला, वरून काही दिसत नाही. त्यांना मी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी नियम तंतोतंत पाळला, मोडला मी.

मला हे कधी कळलं म्हणशील तर तुमचा फोन आला तेव्हाच. जाळीवर बघितलं, कडेची जागा रिकामी होती. टॅक्सीत बाबा माझा हात धरून बसले होते आणि मला धीर देत होते. मी ठरवलं होतं, पोचल्यावर सांगायचं. मग तू किंचाळलीस. माझी पाचावर धारण बसली. मी तोंड उघडणार तोवर बाबा ‘मी’ म्हणाले. तू विचारलंस डबा कोणी भरला, आणि डबा त्यांनीच भरला होता, त्यांनी खरं तेच सांगितलं. तू त्यांच्याकडे बघितलंस. ते बघणं माझ्या वाटचं होतं, आणि ते दुसरीकडे गेलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहू नये असं वाटतं, पण लिहितेच. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग वाटलं, टिल्ली शुद्धीवर आली की सांगू. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी आले तर ओट्यावर त्या सहांतले दोन उरले होते, साध्यांबरोबर चार डब्यात गेले होते. मी ते दोन कचऱ्यात टाकले आणि वरून केळ्याच्या साली घातल्या. बाबा दारात उभे होते. म्हणाले, ‘माझ्या लक्षात कसं आलं नाही गं?’ मी काय म्हटलं असेन? म्हटलं, ‘जाऊ दे बाबा, होतं असं.’ मी त्यांना माफ केलं, ताई! मी!

मागच्या पत्रात सांगायला घेतलं होतं. शेपूट घातली. तू त्याला माझा मोठा जीव म्हणालीस, आणि ते वाचून मी तोंड लपवलं.

तुझी भीती वाटत होती, हे कारण आहे. तू टिल्लीला पुन्हा माझ्याकडे पाठवणार नाहीस, हेही कारण आहे. पण बाबा गोळ्या मांडून बसतात त्याच्यापुढे ह्या कारणांना मीच किंमत देत नाही. फॉर्मवर सही केलेली नाही, करणार नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव. डॉक्टरांनाही दाखव. मला जे म्हणायचं ते म्हण.

धाकटी

११ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. इतके दिवस लिहिलं नाही कारण जे लिहीत होते ते तुला पाठवण्यासारखं नव्हतं. त्यातलं थोडं सांगते. चूक मी समजू शकते. कप संपले, फोन आला, समजू शकते. पण मी त्यांना गाडीत बसवून इकडे आणत होते तेव्हा तू दारात उभी राहून त्यांची पिशवी भरून देत होतीस. स्वेटर घडी करून देत होतीस. ते मला समजत नाही, आणि समजून घ्यायची घाईही नाही.

माझंही काही कमी नाही. मी त्यांच्याकडे कसं बघितलं ते तू लिहिलंयस. मी एकदाही विचारलं नाही की बाबा, नेमकं काय झालं. शाळेत प्रत्येक मुलाला विचारते.

फॉर्म मी फाडला. डॉक्टरांकडे जाऊन आले, त्यांनी आधीचं लिहिलेलं खोडलं. मग रविवारी बाबांना समोर बसवून तुझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर तुझ्यावर चिडतील. दोन्हीसाठी तयारी केली होती. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी हसले. म्हणाले, ‘किती जीव आहे तिचा.’ मी म्हटलं, बाबा, ती खरं लिहितेय. म्हणाले, ‘मग ते उरलेले दोन कुठे आहेत?’ मी काय दाखवणार? तू साली घातल्यास वरून.

तीन दिवस समजावतेय. हेही समजावून थकले. टिल्लीनंही सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकी ते आमचीच समजूत घातल्यासारखी मान हलवतात. परवा त्यांनी निवासाला स्वतः फोन करून दुसरा फॉर्म मागवला, काल तो भरला आणि तुला पत्र लिहिलं. मी वाचलं आहे. सोबत घातलंय.

तूच ये आता. माझ्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही, तुझ्यावर बसला तर बघ.

ताई

१० डिसेंबर

धाकटीला,

बाबांचे आशीर्वाद आहेतच, पण आधी कान धरला आहे असं समज.

ताईनं तुझं पत्र वाचून दाखवलं. पुन्हा एकदा वाचून घेतलं. छान लिहिलं आहेस. कप संपणं, फोन येणं, सगळं अगदी घडल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कुणाला पटलंही असतं. ताईला पटलं आहे आणि ती तुझ्यावर रागावली आहे, ह्याचं मला फार वाईट वाटतं. माझ्यामुळे तुम्हा बहिणींत वितुष्ट नको.

इतके दिवस मला त्या सकाळचं नीट आठवत नव्हतं. आता आठवतं. डबा भरताना काही मफिनचे कप चुरगळलेले दिसले. पोरीच्या डब्यात असे द्यायचे नाहीत म्हणून मी ते काढले आणि नवे पांढरे घातले. काढलेले कप तपकिरी होते. तू खिडकीशी फोनवर होतीस, तुला दिसलं नाही. हे मला परवा सकाळी चहा घेताना लख्ख आठवलं, अगदी हातांसकट. म्हणजे तुला ते पांढऱ्या कपांतले दिसले असतील तर माझ्यामुळेच दिसले. तेव्हा स्वतःवर घेऊ नकोस.

आठवलं तेव्हा मला बरंच वाटलं. काय झालं ते कळत नव्हतं त्याचा त्रास जास्त होता.

निवासाचा फॉर्म मी स्वतः भरला आहे. स्वतःसाठी अर्ज करणाऱ्याला मुलींच्या सह्या लागत नाहीत, चौकशी केली. एक जानेवारीला जागा मिळेल. तिथे मला काही हाताळावं लागणार नाही आणि कुणाला काही होणार नाही. तू येणार असशील तर त्याच्या आधी ये, मला तुला बघायचं आहे. फक्त हा विषय काढू नकोस.

तुम्हा दोघींना वाढवताना मी फार काही शिकवलं नाही, दुकानातून वेळ नसायचा. पण तू आजवर माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. आता माझ्यापायी सुरुवात करू नकोस.

बाबा